गॅरेजमधून आलेल्या गाडीवरचा ओव्हरस्प्रे: पेंट न दुखावता कसा काढायचा

डाव्या दाराचं डेंटिंग-पेंटिंग करून गाडी घरी आली. दार छान झालंय. पण दुसऱ्या दिवशी बोनेटवरून हात फिरवला तर रवा सांडल्यासारखं खरखरीत लागतं, पुढच्या काचेवर तिरप्या उन्हात ठिपके दिसतात आणि वायपरखालचं काळं प्लास्टिक धुरकट झालंय. हा ओव्हरस्प्रे. मास्किंग, म्हणजे बाकीची गाडी कागद-टेपने झाकणं, अर्धवट केलं की स्प्रे गनमधून उडालेला पेंटचा किंवा क्लिअर कोटचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) तुषार बाकीच्या गाडीवर जाऊन बसतो.

तो बहुतेक वेळा पूर्ण निघतो. गाडी खराब होते ती काढण्याच्या घाईत: थिनरचा बोळा, भांड्यांची घासणी, पेंटवर ब्लेड, नाहीतर थेट मशीनने रबिंग (खरखरीत पॉलिशने घासणं). 'थिनरने पुसा, मिनिटात निघेल' हा सल्ला बऱ्याचदा गॅरेजमधूनच मिळतो, म्हणून माणूस बिनधास्त पुसतो. माझ्या गाडीचा पुढचा बंपर रंगवला तेव्हा हेडलाइटवर उडालेला रंग गॅरेजच्या पोराने थिनरच्या फडक्याने पुसला. त्या दिवशी हेडलाइट स्वच्छ दिसला. काही दिवसांनी रात्री दिवा लावला की प्लास्टिकमध्ये केसासारख्या बारीक चिरा उजळायला लागल्या. रंगाचे ठिपके क्लेने, म्हणजे पत्र्यावर चिकटलेले कण उचलणाऱ्या मऊ, मातीसारख्या वडीने, अर्ध्या तासात निघाले असते. चिरा पॉलिशने गेल्या नाहीत आणि अख्खा हेडलाइट बदलावा लागला.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. सगळ्यात सौम्य उपाय आधी, तो पुरला नाही तरच पुढचा, आणि प्रत्येक उपाय आधी वीतभर जागेवर करून बघायचा.

टप्पा १: आधी गॅरेजला कळवा, पण गाडी लगेच ताब्यात देऊ नका

गाडी धुण्याआधी फोटो काढा. ओव्हरस्प्रे समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. मोबाइल पत्र्याला जवळजवळ टेकवून, तिरप्या उजेडात काढा. काच आणि काळ्या प्लास्टिकचे फोटो हमखास घ्या, कारण ठिपके तिथेच स्पष्ट येतात. फोटो आणि जॉब कार्ड एकत्र ठेवा. काम इन्शुरन्स क्लेममधून झालं असलं तरी ओव्हरस्प्रे काढून देण्याची जबाबदारी गॅरेजचीच आहे.

त्यांना तीन गोष्टी विचारा. पेंट कोणता मारला, एनसी (नुसता सुकणारा, थिनरने पुन्हा विरघळणारा) की टू-के (हार्डनर मिसळून मारायचा)? कोणकोणत्या पॅनेलवर, म्हणजे दार, बोनेट अशा कोणत्या भागांवर मारला? आणि कोणत्या तारखेला?

दुसरा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत, आणि नंतर तोच नडतो. मेटॅलिक रंग जुळवायला पेंटर शेजारच्या पॅनेलवरही रंग विरत नेतो आणि त्यावर क्लिअर मारतो. मागचं दार रंगवलं असेल तर पुढच्या दारावरचा थरही ताजा असू शकतो. तो कंपनीचा जुना पेंट समजून घासलात तर नवा थरच निघायचा.

मग विचारा, ओव्हरस्प्रे कशाने काढणार? 'क्ले मारून, लागलं तर हलकं पॉलिश' असं उत्तर आलं तर गाडी द्यायला हरकत नाही. 'थिनर' किंवा 'रबिंग मारून देतो' असं आलं तर काम स्वतः करा किंवा डिटेलिंगवाल्याकडून (गाडी बारकाईने साफ आणि पॉलिश करणाऱ्याकडून) करून घ्या आणि बिल गॅरेजपुढे ठेवा.

सावधान: हे बोलणं आठवडाभर लांबवू नका. टू-के पेंटमध्ये हार्डनर असतो. तो दिवसागणिक कडक होत जातो आणि पक्का झाला की थिनरलाही फारशी दाद देत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत क्लेने सहज सुटणारे ठिपके महिन्याभराने दुप्पट मेहनत घेतात. तोवर गाडी उन्हात उभी करू नका.

टप्पा २: नक्की काय आहे आणि कुठे आहे ते शोधा

पातळ पॉलिथिनची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या (धुण्याची रीत टप्पा ४ मध्ये), कोरड्या पत्र्यावरून बोटं अलगद फिरवा. पिशवीमुळे बोटांना खरखर कितीतरी जास्त जाणवते. छतापासून सुरुवात करून एकेक पॅनेल तपासा. जिथे खरखर लागेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. अर्ध्या तासात गाडीचा नकाशा तयार होतो आणि गनचा तुषार कोणत्या बाजूने उडाला तेही कळतं.

गाडी ज्या रंगाची, त्याच रंगाचा ओव्हरस्प्रे पत्र्यावर डोळ्यांना सहज दिसत नाही. क्लिअर कोटचा तर त्याहूनही कमी. त्यामुळे 'दिसत नाही म्हणजे नाही' असं धरू नका.

प्रत्येक खरखर ओव्हरस्प्रेचीच असते असंही नाही. नारिंगी-तपकिरी टिंब दिसत असतील तर ती ब्रेकची किंवा ग्राइंडिंगची लोखंडी धूळ. तिला आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन) लागतो. पांढरी गोल वर्तुळं म्हणजे पाण्याचे क्षार. बांधकामाजवळ गाडी उभी असेल तर सिमेंटचे शिंतोडे असू शकतात. ओव्हरस्प्रेचे ठिपके एका बाजूला दाट आणि लांब जावं तसे विरळ होत जातात.

आता कोणता पॅनेल कंपनीच्या पेंटचा आणि कोणता गॅरेजच्या, हे पक्कं करा. काच-दाराच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, थोडी उचलून बघा, टेपची रेघ दिसते का. दाराच्या कडेला आतून खरखरीत थर आहे का. पेंटची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम: कंपनीचा पेंट सर्वसाधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो, पुन्हा रंगवलेला बऱ्याचदा २०० च्या वर जातो.

तपासा: नव्याने रंगवलेल्या पॅनेलवरच, विशेषतः त्याच्या कडेला, खरखर लागतेय का? मग तो बहुधा वर बसलेला तुषार नाही, पेंटच सपाट बसायच्या आत कोरडा पडलाय. तो क्लेने जाणार नाही. ते पेंटरचं काम आहे. थर पक्का झाल्यावर त्यानेच पॉलिश करून द्यायला हवं.

गाडीला मॅट पेंट, रॅप (पेंटवर चिकटवलेली रंगीत फिल्म) किंवा पीपीएफ (पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म) असेल तर इथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. मॅट पेंटवर क्ले घासला की चकाकणारे पट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत.

टप्पा ३: जागा, वेळ आणि सामान

काम सावलीत आणि सकाळी. उलटा हात बोनेटवर ठेवा. पत्रा गरम लागला तर सुरू करू नका, कारण साबणाचं पाणी घासण्याआधीच सुकतं आणि क्ले पत्र्याला चिकटतो. पाणी शक्यतो नळाचं घ्या. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर सुकताना डाग पाडतं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर अजिबात नको. त्यात क्षार आणखी जास्त असतात.

लागणारं सामान:

- फाइन ग्रेडचा क्ले बार, १०० ते २०० ग्रॅम. मीडियम ग्रेडचा एक छोटा तुकडा वेगळा
- कार शाम्पू, दोन बादल्या, वॉश मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा)
- स्प्रे बाटली: एक लिटर पाण्यात साधारण १० मिली शाम्पू
- सहा-सात स्वच्छ मायक्रोफायबर फडकी
- काचेसाठी होल्डरसकट नवी कोरी ब्लेडं
- मिनरल टर्पेंटाइन, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते
- मऊ नायलॉनचा ब्रश, मास्किंग टेप, नायट्राइल हातमोजे
- फिनिशिंग पॉलिश आणि वॅक्स

एनसी थिनर, पेट्रोल आणि रॉकेल या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. थिनर भट्टीत भाजलेल्या कंपनीच्या पेंटवर क्षणभर चालून जातो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तोच थिनर ताज्या पेंटला मऊ करतो, एनसी पेंट विरघळवतो आणि हेडलाइटला चिरा पाडतो. पेट्रोल रबर फुगवतं आणि भडकायला ठिणगी पुरते. रॉकेल तेलकट थर मागे ठेवतं, त्याखाली ठिपका गेला की राहिला हेच कळत नाही.

टप्पा ४: धुणं

भरपूर पाण्याने आधी सगळी धूळ वाहून जाऊ द्या, मग दोन बादल्यांनी धुवा: एकीत शाम्पू, दुसरीत मिट खळबळायचं साधं पाणी. छताकडून खाली या. हा टप्पा लोक उरकून टाकतात. पत्र्यावर राहिलेला धुळीचा एक कण क्लेखाली सापडला तर तो ओव्हरस्प्रेपेक्षा मोठा ओरखडा पाडतो.

टप्पा ५: काच, पेंटच्या आधी

काच आधी करायची, कारण खरवडलेला चुरा बोनेटवर पडतो आणि नंतर पेंटवर काम करताना तो धुतला जातो. उलट क्रमाने केलंत तर स्वच्छ केलेलं बोनेट पुन्हा धुवावं लागतं.

पहिल्यांदा क्ले फिरवून बघा. हलका ओव्हरस्प्रे तेवढ्याने जातो. न गेल्यास काच साबणाच्या पाण्याने ओलीचिंब करा, होल्डरमधलं नवं ब्लेड साधारण ३० अंशांत टेकवा आणि फक्त पुढे ढकला. मागे ओढू नका. मागे येताना ब्लेडखाली अडकलेला कण काच चरत येतो. परत आणायचं असेल तर उचलून आणा. ब्लेडची धार जराही बोथट वाटली किंवा खाच पडली की बदला. बीडिंगपासून बोटभर अंतर ठेवा. तेवढी पट्टी क्लेने काढा.

सावधान: ब्लेड फक्त काचेच्या बाहेरच्या बाजूला. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतात, त्या एका फटक्यात तुटतात. बाजूच्या आरशांवर कधी कधी कोटिंग असतं, तिथे क्लेच. कॅमेऱ्याची भिंग आणि पार्किंग सेन्सरवर ब्लेडही नको आणि टर्पेंटाइनही नको.

वायपरच्या रबरावर रंग बसला असेल तर ओल्या फडक्याने पुसून बघा. कड खरखरीत राहिली तर रबर बदला, नाहीतर स्वच्छ केलेल्या काचेवर तेच रोज ओरखडे काढत राहील.

टप्पा ६: पेंटवर क्ले

सगळी मेहनत इथे आहे, आणि चुका होतात त्याही इथेच.

क्ले बारचे तीन तुकडे करा. एक तुकडा हातात मळून भाकरीच्या पिठासारखा मऊ करा; थंडीत कडक असेल तर कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा. तीन बोटांत मावेल अशी चपटी टिकली बनवा.

एका वेळी साधारण एक फूट बाय एक फूट जागा घ्या. साबणाचं पाणी पत्र्यावरही मारा आणि क्लेवरही. आता क्ले सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा, गोल गोल नाही. काही बारीक ओरखडे पडलेच तर सरळ रेषेतले नजरेला कमी येतात आणि पॉलिशने लवकर जातात. दाब बोटांच्या वजनाइतकाच. जोर लावायचा मोह होतो, कारण सुरुवातीला काही होतंय असं वाटत नाही. जोर लावू नका, पाणी वाढवा.

कानांनी काम करा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत क्लेखालून बारीक 'खर्र' ऐकू येतं आणि बोटांना अडखळल्यासारखं जाणवतं. आठ-दहा फेऱ्यांत आवाज कमी होत जातो आणि एका क्षणी क्ले एकदम गुळगुळीत घसरायला लागतो. ती जागा झाली. क्ले उलटा करून बघा: पांढऱ्या क्लेवर गाडीच्या रंगाची बारीक पूड दिसेल. क्लिअर कोटचा तुषार असेल तर काहीच दिसणार नाही, तिथे बोटांवरच भरवसा ठेवा.

प्रत्येक फूटभर जागेनंतर क्ले दुमडून स्वच्छ बाजू वर आणा. दुमडूनही कुठे स्वच्छ बाजू मिळेना की तो तुकडा टाकून द्या.

सावधान: क्ले जमिनीवर पडला तर संपला. धुऊन, मळून पुन्हा वापरू नका. फरशीवरची वाळू त्यात रुतून बसते आणि धुतल्याने निघत नाही. पैसे वाचवायला उचललेला हा एक तुकडा पूर्ण बोनेट चरतो. म्हणूनच बारचे तीन तुकडे आधीच केले.

एका बोनेटला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. पूर्ण गाडीवर तुषार असेल तर दोन सकाळी काढा. नव्याने रंगवलेले पॅनेल, शेजारचे विरत नेलेलेसुद्धा, या टप्प्यात सोडून द्या.

तपासा: जागा धुऊन, पुसून पुन्हा पिशवी घालून हात फिरवा. टेप लावलेल्या प्रत्येक जागी हे करा आणि गुळगुळीत लागली तरच टेप काढा.

टप्पा ७: तरीही न निघालेले ठिपके

आधी फाइन क्लेने दुसरी फेरी. मग मीडियम क्ले, पण फक्त हट्टी जागेवर, कारण तो पेंटवर हमखास धूसरपणा आणतो आणि नंतर पॉलिश करावंच लागतं.

तरी न गेल्यास कंपनीच्या पेंटवर, लपलेल्या कोपऱ्यात, टर्पेंटाइनने जेमतेम ओलं केलेलं फडकं दहा-पंधरा सेकंद धरा आणि पुसा. फडक्यावर गाडीचाच रंग यायला लागला तर लगेच थांबा; तो पॅनेल कधीतरी रंगवलेला आहे. रंग आला नाही तर हट्टी ठिपक्यांवर तेवढंच करा, जागा शाम्पूने धुवा आणि पुन्हा फाइन क्ले फिरवा. पक्का झालेला टू-के टर्पेंटाइनने विरघळत नाही, फार तर किंचित सैल पडतो. उघड्यावर काम करा, जवळ विडी-सिगारेट किंवा गॅस नको, आणि फडकी मोकळ्या हवेत सुकवूनच टाका.

यापुढचा उपाय मशीन पॉलिश, आणि त्याच्याही पुढे २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा अगदी बारीक पॉलिश पेपर). पॉलिश डीए मशीनने (पॅड फिरता फिरता किंचित डोलवणाऱ्या, पेंटला सौम्य मशीनने), मऊ फोम पॅडवर, कडांना मास्किंग टेप लावून घरी करता येतं. वॉटर पेपर घरी करू नका. क्लिअर कोटचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. पॅनेलच्या कडेला तो आणखी पातळ, आणि कागद नेमका तिथेच जास्त घासला जातो. एकदा क्लिअर फुटला की तो पॅनेल पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही, म्हणजे पुन्हा तेच गॅरेज आणि तोच तुषार.

टप्पा ८: हेडलाइट

आजचे हेडलाइट पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचे असतात आणि त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. इथे फक्त भरपूर साबणपाणी आणि फाइन क्ले. थिनर, ब्लेड, टर्पेंटाइन काहीही नको. दोन फेऱ्यांनी न गेल्यास प्लास्टिकसाठीचं सौम्य पॉलिश हाताने, मायक्रोफायबरवर घेऊन. एवढ्यावर उरलेले दोन-चार ठिपके तसेच राहू द्या. वरचा थर गेला तर हेडलाइट पिवळा पडायला लागतो.

टप्पा ९: काळं प्लास्टिक आणि रबर

दाणेदार काळ्या प्लास्टिकवर क्ले वापरू नका. तो दाण्यांत अडकतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

आधी कार शाम्पूचं दाट पाणी आणि नायलॉनचा ब्रश. मग टर्पेंटाइनने ओलसर केलेला ब्रश, हातभर नाही, वीतभर जागेवर. दाण्यांच्या खाचांत ब्रश पोचावा म्हणून दोन दिशांनी घासा, लगेच फडक्याने पुसा आणि शाम्पूने धुवा. ओलं असताना सगळं प्लास्टिक काळंभोर दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पूर्ण सुकू द्या, मगच ठरवा. धुरकट डाग उरले असतील तर आणखी एक फेरी.

सावधान: टायर पॉलिश किंवा ट्रिम ड्रेसिंग लावून डाग झाकून देणं ही गॅरेजची नेहमीची युक्ती आहे. दोन-तीन धुण्यांत डाग परत वर येतो. गाडी ताब्यात घेताना काळं प्लास्टिक तेलकट लागलं तर तिथेच पुसून बघा.

रबर बीडिंगवर टर्पेंटाइनचं फडकं एकदाच फिरवा आणि लगेच धुवा. भिजत ठेवू नका. बीडिंगवर टेपच्या कडेची जाड रेघ राहिली असेल तर शेजारच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावा आणि प्लास्टिकच्या स्क्रेपरने किंवा नखाने उचला. अॅलॉय व्हीलवर पेंटसारखाच क्ले चालतो. ब्रेकच्या डिस्कवर काहीही लावू नका; तिथला रंग ब्रेक लागता लागता आपोआप घासून जातो.

टप्पा १०: शेवटची तपासणी आणि वॅक्स

गाडी पुन्हा धुवा, पुसा, आणि मोबाइलचा टॉर्च पत्र्यावर तिरपा धरून बघा. क्लेच्या बारीक रेघा दिसल्या तर हाताने फिनिशिंग पॉलिश करा. क्लेने जुनं वॅक्स निघून गेलेलं असतं, त्यामुळे त्याच दिवशी नवं वॅक्स लावा. सिरॅमिक कोटिंग असेल तर कोटिंग करणाऱ्याला गाडी दाखवा.

नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर मात्र आत्ता वॅक्स नको. पेंटमधला सॉल्व्हंट (पेंट पातळ ठेवणारा, उडून जाणारा द्रव) अजून बाहेर पडत असतो आणि वर वॅक्स बसलं की तो आत अडकतो. पेंट मारल्याच्या तारखेपासून साधारण ३० दिवस थांबा, पेंटरने याहून जास्त सांगितले तर तेवढे. तोवर तो पॅनेल नुसता शाम्पूने धुवा. ३० दिवसांनंतरची तारीख जॉब कार्डवरच लिहून ठेवा आणि त्या दिवशी तिथे वर बसलेल्या तुषाराची खरखर उरली असेल तर टप्पा ६ प्रमाणे फाइन क्ले हलक्या हाताने फिरवून मग वॅक्स लावा.